ईथर एका प्रयोगाने गेले नाही

द्वितीय वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारते: प्रकाश ज्यातून तरंगत येतो असे मानले जाई, त्या सर्वत्र भरलेल्या ईथर नावाच्या माध्यमाची कल्पना भौतिकशास्त्राने का सोडली? उत्तर प्रत्येकाच्या ओठांवर तयार असते. मायकेल्सन आणि मोर्ली यांनी १८८७ साली प्रयोग केला, दोन किरण एकत्र आल्यावर दिसणारे उजळ-काळे पट्टे सरकले नाहीत, म्हणून ईथर नाही हे सिद्ध झाले. गुण मिळण्यापुरते हे उत्तर पुरते, कारण पाठ्यपुस्तकातही थोड्याफार फरकाने हेच छापलेले असते. परंतु या एका वाक्याखाली दोनशेहून अधिक वर्षांचा विचार गाडला जातो. शिवाय, एवढी साधी गोष्ट इतक्या मोठमोठ्या लोकांना इतकी वर्षे कशी कळली नाही, असा एक चुकीचा समज मुलांच्या मनात कायमचा बसतो. हा समज दूर व्हावा असे मला मनापासून वाटते. ईथर मानायला कारणे होती, ती प्रयोगांतून आलेली होती, आणि ते गेले तेही एका फटक्यात नव्हे. त्याचा एकेक गुणधर्म काढून घ्यावा लागला आणि अखेरीस त्याच्याकडे करण्यासारखे काहीच काम उरले नाही.

प्रकाश हा तरंग आहे असे मानले की तो कशाचा तरंग, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आवाज हवेतून येतो आणि हवा काढून घेतली की थांबतो. प्रकाश मात्र निर्वात केलेल्या काचपात्रातूनही येतो आणि ताऱ्यांपासूनही येतो. तेव्हा हवेहून सूक्ष्म, सर्वत्र भरलेले असे काहीतरी असले पाहिजे, हा क्रिस्तियान हायगेन्स यांचा १६९० च्या ग्रंथातील युक्तिवाद होता आणि तो अत्यंत सरळ आहे. त्यांचे ईथर कठीण, लवचीक कणांचे होते. एका कणाने पुढच्या कणाला ढकलावे आणि धक्का पुढे जावा, अशी ती व्यवस्था होती. त्याआधी १६७६ मध्ये रोमर यांनी गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळांवरून प्रकाशाला वेग आहे हे दाखवले होते, त्यामुळे धक्क्याला पोहोचायला वेळ लागतो ही कल्पना हवेतली नव्हती. न्यूटन यांना मात्र तरंग पटले नाहीत. आइसलंड स्पार या स्फटिकातून प्रकाशाचे दोन किरण होतात, आणि ते दुसऱ्या स्फटिकातून पाठवले की स्फटिक कसा फिरवला आहे त्यावर त्यांची तीव्रता बदलते. न्यूटन यांचे म्हणणे असे की किरणाला बाजू आहेत, आणि ढकलाढकलीच्या तरंगाला बाजू असू शकत नाहीत. हा आक्षेप खरा होता. हायगेन्स यांनाही त्याचे उत्तर देता आले नव्हते आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

उत्तर मिळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्यतिकरण, म्हणजे दोन तरंग एकत्र येऊन कुठे उजेड तर कुठे अंधार होणे, दाखवले, फ्रेनेल यांनी त्याला गणिताची बैठक दिली. पॅरिसच्या अकादमीच्या स्पर्धेत फ्रेनेल यांचा निबंध तपासताना प्वासाँ यांनी त्यातून असे अनुमान काढले की गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजळ ठिपका दिसला पाहिजे. त्यांना हे हास्यास्पद वाटत होते, पण आरागो यांनी प्रयोग केला आणि ठिपका दिसला. हा प्रसंग सर्वांना माहीत असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट १८२१ च्या सुमारास घडली. प्रकाशाची कंपने प्रसाराच्या दिशेत नसून तिला आडवी आहेत, असे फ्रेनेल यांनी मांडले. किरणाच्या बाजूंचे कोडे एका क्षणात सुटले. आणि त्याच क्षणी ईथर अडचणीत आले.

अडचण अशी. आडवी कंपने वायूतून किंवा द्रवातून जात नाहीत, कारण त्यांचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तर परत ओढणारे बल नसते. त्यासाठी घन पदार्थ लागतो. शिवाय तरंगाचा वेग माध्यमाची ताठरता आणि घनता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि येथे वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे सगळे विश्व एका अतिशय ताठ, तरीही जवळजवळ वजनरहित घन पदार्थाने भरलेले आहे, आणि त्यातून पृथ्वी, मंगळ, धूमकेतू, कशालाही तसूभर अडथळा न होता फिरत आहेत, असे मानायचे. त्या पिढीतील उत्तम गणितज्ञांनी यावर आपली सर्व ताकद लावली. कोशी, ग्रीन, मॅकक्युला यांनी लवचीक घन पदार्थाची समीकरणे या कामासाठी घासूनपुसून घेतली, आणि स्थापत्य अभियांत्रिकीत आज शिकवले जाणारे लवचीकतेचे बरेचसे गणित याच खटपटीच्या काळात पक्के झाले. स्टोक्स यांनी १८४५ च्या सुमारास असे सुचवले की ईथर झटपट कंपनांना घनासारखे आणि सावकाश गतीला द्रवासारखे वागत असेल. केल्विन याचा दाखला म्हणून चांभारी मेण दाखवत: हातोडीने ठोकले तर त्याचा तुकडा उडतो, पण त्यावर एखादी जड वस्तू ठेवून दिली तर ती दिवसेंदिवस हळूहळू आत रुतत जाते. हा दाखला मला आजही आवडतो, कारण घन आणि द्रव ही विभागणी काळावर अवलंबून असते हे तो फार नेमकेपणाने सांगतो. ईथर गेले तरी ते सत्य राहिलेच.

आता दुसरी बाजू, जी पाठ्यपुस्तके जवळजवळ गाळतात आणि जिच्याशिवाय १८८७ चा प्रयोग कळतच नाही. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, नाशिकमधून वायव्य आकाशात कालेय तारकासमूह दिसतो. शहराचा उजेड वाढला असला तरी त्यातला गॅमा तारा साध्या डोळ्यांनी सापडतो. लंडनच्या अक्षांशावर तो जवळपास डोक्यावरून जातो, म्हणून १७२५ मध्ये मॉलिन्यू आणि ब्रॅडली यांनी त्याची निवड केली. त्यांना ताऱ्याचे अंतर मोजायचे होते. सापडले वेगळेच: वर्षभरात तारा आपल्या जागेभोवती सुमारे २० विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हलत होता, आणि तोही अंतरामुळे अपेक्षित असलेल्या दिशेत नव्हे. ब्रॅडली यांनी ओळखले की प्रकाश दुर्बिणीच्या नळीतून खाली उतरेपर्यंत पृथ्वी आणि तिच्याबरोबर नळी पुढे सरकते, म्हणून नळी किंचित पुढे कलती धरावी लागते. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, प्रकाशाचा त्याच्या दहा हजार पट. त्या गुणोत्तराचा कोन बरोबर २० विकला.

हे स्पष्टीकरण ईथरला एक अट घालते. नळीतले ईथर नळीबरोबर वाहत असेल, तर प्रकाशही त्याच्याबरोबर वाहील आणि कलण्याची गरजच पडणार नाही. म्हणजे पृथ्वी ईथरमधून जाते, पण ईथरला हलवत नाही. ते पदार्थातून आरपार जाते. मग काचेत काय होते? आरागो यांनी १८१० मध्ये लोलकातून वेगवेगळ्या दिशांचे तारे पाहून तपासले, तेव्हा पृथ्वीच्या गतीचा अपवर्तनावर, म्हणजे काचेत शिरताना प्रकाशाच्या वळण्यावर, काहीच परिणाम दिसला नाही. फ्रेनेल यांनी १८१८ मध्ये आरागो यांना लिहिलेल्या पत्रात यावर तोडगा काढला: पारदर्शक पदार्थ आपल्याबरोबर ईथरचा थोडा भाग ओढून नेतो, आणि तो भाग म्हणजे १ वजा अपवर्तनांकाच्या वर्गाचा व्यस्त. अपवर्तनांक म्हणजे निर्वातातला प्रकाशाचा वेग पदार्थातल्या वेगाच्या किती पट आहे ती संख्या. पाण्यासाठी हा भाग ०.४४ येतो. फिझो यांनी १८५१ मध्ये नळ्यांतून सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने पाणी सोडून, प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने गेलेले किरण एकत्र आणले, तेव्हा पट्टे फ्रेनेल यांच्या सूत्राप्रमाणे सरकले. एअरी यांनी १८७१ मध्ये ग्रिनिच येथे दुर्बिणीची नळी पाण्याने भरून तोच कालेयमधला गॅमा तारा पाहिला. पाण्यात प्रकाश मंदावतो, तेव्हा कोन वाढायला हवा होता. तो वाढला नाही, आणि फ्रेनेल यांच्या सूत्रानेच ते उलगडले. १८८६ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ली यांनी फिझो यांचा प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा उत्तर ०.४३४ आले. इतक्या ठिकाणी खरे ठरलेल्या कल्पनेला त्या काळच्या माणसांनी चिकटून राहावे, यात मला काहीही वावगे दिसत नाही.

मॅक्सवेल यांच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. १८६१–६२ मध्ये त्यांनी ईथरमध्ये फिरत्या भोवऱ्यांची आणि त्यांच्यामधल्या छोट्या चाकांची रचना कल्पून विद्युत आणि चुंबकत्वाची समीकरणे मिळवली. त्या माध्यमातील तरंगाचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला. १८६५ च्या निबंधात त्यांनी चाके आणि भोवरे बाजूला ठेवले व समीकरणे तेवढी राखली. येथे ईथरने आपली अंतर्गत रचना गमावली, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते.

१८७९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, मॅक्सवेल यांनी वॉशिंग्टनच्या नॉटिकल आल्मनाक कार्यालयातील डेव्हिड पेक टॉड यांना गुरूच्या चंद्रांच्या नोंदींविषयी पत्र लिहिले. पृथ्वीवर प्रकाश जाऊन परत येतो अशा प्रयोगात ईथरवाऱ्याचा, म्हणजे पृथ्वी ईथरमधून जाताना तिच्यावरून उलट वाहणाऱ्या ईथरचा, परिणाम वेगांच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढा, म्हणजे दहा कोटींत एक भाग राहील आणि तो मोजण्याच्या पलीकडचा आहे, असे त्यात होते. त्याच कार्यालयात काम करणाऱ्या तरुण आल्बर्ट मायकेल्सन यांना ते मोजता येईल असे वाटले. १८८१ मध्ये बर्लिनला त्यांनी पहिले उपकरण मांडले, तेव्हा रस्त्यावरच्या रहदारीने पट्टे टिकेनात; ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेले, तर तिथे शंभर मीटरवर कोणी पाय आपटला तरी पट्टे नाहीसे होत.

हे मी वाचले तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. आमच्या प्रयोगशाळेत मायकेल्सन इंटरफेरोमीटर आहे, आणि त्यावर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी काढण्याचा प्रयोग परीक्षेला असतो. एका अर्धपारदर्शक काचेवर प्रकाश दुभंगतो, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन बाहूंच्या टोकांवरील आरशांवरून परत येतो, आणि डोळा लावला की काळ्यापिवळ्या वर्तुळांची माळ दिसते. गंगापूर रोडवरून जड वाहन गेले की वर्तुळे थरथरतात. एप्रिलच्या उकाड्यातही आमचे प्रयोगशाळेतले मामा सगळे पंखे बंद करतात, कारण वाऱ्याने पट्टे स्थिर राहत नाहीत. मी विद्यार्थ्यांना एका बाहूखाली नुसता तळहात धरायला सांगते, स्पर्श करायचा नाही. हाताच्या उबेने तिथली हवा किंचित विरळ होते आणि वर्तुळे एका बाजूला फुगून सरकू लागतात. एखादी मुलगी दचकून हात मागे घेते आणि म्हणते, “मॅडम, मी तर कशाला हातही लावला नाही!” एका तरंगाचा अंश म्हणजे केवढी बारीक गोष्ट, हे त्या मिनिटाला कळते. याच रचनेचे, चार किलोमीटर लांब बाहूंचे उपकरण गुरुत्वीय तरंगांसाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभे राहणार आहे.

क्लीव्हलंडला १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ली यांनी हे सर्व त्रास एकेक करून निस्तरले. दीड मीटर चौरस आणि तीस सेंटिमीटर जाड अशी दगडी लादी लाकडी कड्यावर ठेवून ती पाऱ्याने भरलेल्या वर्तुळाकार हौदात तरंगत ठेवली, म्हणजे हादरे पोहोचू नयेत आणि उपकरण न थांबवता फिरवता यावे. कोपऱ्यांतील आरशांवर प्रकाश पुन्हा पुन्हा परतवून मार्ग ११ मीटरपर्यंत लांबवला. सहा मिनिटांत एक फेरी इतक्या सावकाश लादी फिरे आणि मायकेल्सन तिच्याबरोबर चालत चालत नोंदी घेत. गणित तोंडी होण्यासारखे आहे: ११ मीटरची दुप्पट (लादी पाव फेरी फिरली की दोन बाहूंची अदलाबदल होते म्हणून), भागिले दहा कोटी, म्हणजे मीटरचा सुमारे ४५ लाखावा भाग. हिरव्यापिवळ्या प्रकाशाच्या एका तरंगाच्या तुलनेत तो ०.४ भरतो. एवढे सरकणे दिसायला हवे होते. ८ ते १२ जुलैदरम्यान दुपारी आणि सायंकाळी घेतलेल्या नोंदींत ते निश्चितपणे विसाव्या हिश्श्याहून आणि बहुधा चाळिसाव्या हिश्श्याहूनही कमी निघाले. दर तीन महिन्यांनी प्रयोग पुन्हा करण्याचे त्यांनी ठरवले होते, पण ते केले नाही. स्वतः मायकेल्सन यांना हा निकाल अपयशासारखा वाटला आणि ईथरवरचा त्यांचा लोभ अखेरपर्यंत सुटला नाही.

ईथर मात्र तरीही गेले नाही. सर्वात सोपा निष्कर्ष असा होता की पृथ्वी आपल्या भोवतीचे ईथर ओढून नेते, आणि स्टोक्स यांनी ते आधीच मांडले होते. पण मग ताऱ्यांच्या २० विकलांचे काय? त्यासाठी ईथर भोवरे न होता वाहिले पाहिजे आणि जमिनीलगत पृथ्वीच्याच वेगाने गेले पाहिजे. या दोन अटी न दबणाऱ्या माध्यमात एकत्र नांदत नाहीत, हे लोरेंट्झ यांनी १८८६ मध्येच दाखवले होते. ऑलिव्हर लॉज यांनी १८९३ मध्ये वेगाने फिरणाऱ्या पोलादी चकत्यांच्या फटीतून प्रकाश फिरवून पाहिला. ईथर ओढले जात असल्याचे चिन्ह दिसले नाही. ईथर स्थिर म्हणावे तर वारा सापडत नाही, आणि वाहते म्हणावे तर तारे साथ देत नाहीत. अशा कोंडीत १८८९ मध्ये फिट्झजेराल्ड आणि १८९२ मध्ये स्वतंत्रपणे लोरेंट्झ यांनी म्हटले की ईथरमधून जाणारी प्रत्येक वस्तू गतीच्या दिशेत आक्रसते, नेमकी एवढी की फरक लपून जावा. संपूर्ण पृथ्वीच्या व्यासासाठी हे आक्रसणे सुमारे सहा सेंटिमीटर येते. याला पळवाट म्हणण्याची पद्धत आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. पदार्थाचे रेणू विद्युत बलांनी बांधलेले असतील आणि ती बले ईथरमध्ये गतीमुळे बदलत असतील, तर पदार्थाची लांबीही बदलणार, हा विचार भौतिकशास्त्राचाच आहे. त्याच वाटेने लोरेंट्झ यांना जागेनुसार बदलणारा ‘स्थानिक काळ’ मानावा लागला, आणि एका निरीक्षकाची स्थळकाळाची मापे दुसऱ्या, गतिमान निरीक्षकाच्या मापांत बदलणारी, आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी रूपांतरणे १९०४ पर्यंत जवळजवळ पूर्ण झाली. प्वांकारे यांनी १९०५ मध्ये ती नीट केली आणि त्यांना ते नाव दिले.

पण आता ईथरची अवस्था पाहा. कोणत्याही प्रयोगात त्याचा वारा सापडू नये, अशीच समीकरणे आपणहून बनत गेली होती. ताठरता गेली होती, घनता गेली होती, चाके गेली होती. ‘स्थिर असणे’ हा एकच गुण उरला होता आणि तोही कधीच दिसणार नव्हता. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दोन गृहीतके धरून तीच रूपांतरणे काही पानांत मिळवली आणि प्रकाशवाहक ईथर मानण्याची गरज राहत नाही एवढेच म्हटले. ते नसल्याचे सिद्ध केले असा दावा त्यांनी केला नाही. त्या निबंधात मायकेल्सन यांचे नावही नाही. पुढे १९२० च्या लायडेन येथील व्याख्यानात त्यांनी सापेक्षतेतील अवकाशालाच एका अर्थी ईथर म्हणता येईल असे सांगितले, मात्र त्याला गतीची कल्पना लावता येणार नाही ही अट घालून.

मागे एका ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलले, तेव्हा एका आजोबांनी विचारले, “ताई, हे ईथर म्हणजे आपले आकाशतत्त्वच ना?” त्यांना मी सांगितले ते येथेही नोंदवते. वैशेषिक दर्शनात आकाश हे शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे अधिष्ठान आहे. रूप आणि उजेड यांचा संबंध तेजाशी आहे. दोन्ही विचार आपापल्या प्रश्नांतून आलेले आहेत, आणि एकाला दुसऱ्याचा पूर्वावतार ठरवल्याने कोणाचाच मान वाढत नाही.

१९०५ नंतरही एक माणूस ईथरवारा शोधत राहिला. डेटन मिलर यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतील माउंट विल्सनवर हजारो नोंदी घेतल्या आणि सेकंदाला सुमारे दहा किलोमीटरचा वारा सापडल्याचे जाहीर केले. १९३० मध्ये योस यांनी येना येथे अधिक काटेकोर प्रयोग केला, त्यात काही आढळले नाही. पण मिलर यांच्या नोंदींत नेमके काय होते हे कळले १९५५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, जेव्हा शँकलंड आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या वह्या पुन्हा तपासल्या. खोलीतील तापमानाच्या बारीक फरकांनी पट्टे सरकत होते. तळहाताचा प्रयोग करून घेतल्यावर मी ही हकिगत सांगते, कारण तेव्हा ती कोणालाही समजावून द्यावी लागत नाही.

राहिले फ्रेनेल यांचे सूत्र. ओढले जाणारे ईथरच नसेल, तर फिझो यांच्या पाण्यात काय ओढले गेले? माक्स फॉन लाउए यांनी १९०७ मध्ये उत्तर दिले. पाण्यातील प्रकाशाचा वेग आणि पाण्याचा वेग यांची बेरीज साध्या रीतीने न करता सापेक्षतेच्या नियमाने करायची, छेदातील लहान पद वर घ्यायचे आणि त्याहून लहान पदे सोडून द्यायची. तीन ओळींत १ वजा अपवर्तनांकाच्या वर्गाचा व्यस्त समोर येतो. अभ्यासक्रमात हे उदाहरण नाही, तरी मी ते फळ्यावर घेते, आणि अपवर्तनांक १.३३३ घालून उत्तर काढायला एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावते. उत्तर ०.४४ येते. फिझो यांनी १८५१ मध्ये मोजले ते हेच.